शांघायच्या बागेतला परिचय मेळावा

चँडलर, ॲरिझोना
रविवार, सकाळ

आयुष्मान पुरुषोत्तमराव यांना शंकररावांचा सविनय जय भीम.

आपले पत्र हाती येऊन बरेच दिवस लोटले. उत्तरास विलंब झाला याबद्दल प्रथम क्षमा मागतो आणि मग विलंबाचे कारण सांगतो. कारण मोठे आहे, त्यामुळे क्षमा लहान असली तरी चालेल. आपला गुडघा, विहीणबाईंचा रक्तदाब आणि आपल्या अंगणातील कढीपत्ता या तिघांची प्रकृती कळवावी. येथे रत्नाबाई (गुडघे दोन्ही, आपल्यापेक्षा एक अधिक) व मी ठीक आहोत. चँडलरचे ऊन आपल्या नागपूरच्याच जातकुळीचे आहे. अंतर एवढेच की नागपुरात उन्हाला शिव्या द्यायला सोबत मिळते, येथे रस्त्यावर माणूसच नसतो. सगळे थंड गाडीतून थंड दुकानात जातात आणि थंड घरी परततात. दाराशी गवताऐवजी खडी पसरली आहे. रवी तिला बाग म्हणतो. मी त्याला दुखावत नाही.

आता मुख्य विषय. आपले स्नेही आयु. सुमंतराव यांची नात चि. अदिती हिचे स्थळ आपण आपल्या उभयतांच्या नातवासाठी, म्हणजे चि. देवांगसाठी, सुचविले. मुलगी औषधशास्त्र शिकलेली, घराणे जाणते, आणि आपण सुमंतरावांना "जवळजवळ शब्द" देऊन बसला आहात, असे आपल्या पत्रात आहे. (शब्द जवळजवळ कसा देतात हे चौथीपर्यंत शिकवीत नसत, पुढच्या एखाद्या इयत्तेत असावे.) आपण निवृत्त मुख्याध्यापक, मी कापडगिरणीतून बाहेर पडलेला चौथी पास. तेव्हा आपल्या शब्दाचे वजन मी जाणून आहे. देवांग एकतिशीचा झाला. त्याचा विवाह घरच्यांनी पाहिलेल्या मुलीशी, बौद्ध मुलीशी आणि लवकर व्हावा, याविषयी आपण, मी आणि मोनाली (आपली कन्या, माझी सून) या तिघांचे एकमत आहे. रवीचे मत घेतलेले नाही. तो माझाच मुलगा असल्याने त्याचे मत मला ठाऊक आहे आणि त्याने काही बिघडत नाही. परंतु सुमंतरावांना होकार कळवायचा की नकार, हे लिहिण्यापूर्वी मला शांघाय शहराविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. आपण मध्येच पान उलटू नये. संबंध आहे.

आपला नातू संगणकाच्या आत बसणाऱ्या बारीक चकत्या बनविण्याच्या कारखान्यात आहे. (तेथे तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालतो; त्याचे छायाचित्र पाहून रत्नाबाईंना प्रथम वाटले की मुलाला काही संसर्ग झाला.) या मुलाने मला आजवर किराणा दुकानापलीकडे नेलेले नाही. तेही तो गाडीत बसून राहतो आणि मी तूरडाळ शोधतो. असा हा मुलगा एका संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसला, माझा चष्मा स्वतःच्या शर्टाने पुसून दिला आणि म्हणाला, "आजोबा, मला शांघायला काम आहे. वीकेंड जोडून घेतो. तुम्ही पण चला ना, यार." नातवाने आजोबाला यार म्हणावे का, हा प्रश्न मी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला. रवी म्हणाला, "बाबांना एवढ्या लांब कशाला?" त्याच क्षणी माझे जाणे निश्चित झाले. व्हिसाच्या कचेरीत बोटांचे ठसे द्यावे लागले. गिरणीत झिजलेली बोटे यंत्राला पटेनात, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा द्यावी लागली. मोनालीने औषधे, स्वेटर आणि सूचना भरल्या. रत्नाबाईंनी जवसाच्या चटणीचा डबा दिला आणि म्हणाल्या, "लागली तर असू द्या." कोणाला लागली तर, ते त्या बोलल्या नाहीत. लॉस एंजेलिसला विमान बदलले. वाटेत देवांग सारखा भ्रमणध्वनीकडे पाहून हसत होता. कारखान्याच्या कामात इतकी करमणूक असते हे मला नवे होते.

शांघाय हे शहर, पुरुषोत्तमराव, एखाद्याने आठवड्यापूर्वीच बांधून पूर्ण केल्यासारखे दिसते. विमानतळावरून निघालेली आगगाडी चुंबकावर तरंगत जाते. ती रुळांना शिवतच नाही. (रेल्वेत आयुष्य घातलेल्या माझ्या धाकट्या भावाला हे सांगू नये, त्याला झोप लागणार नाही.) इमारतींची शेंडी ढगात असते, म्हणून वरच्या मजल्यावर कोण राहते हे खालून सांगता येत नाही. दुचाकी गाड्या विजेवर चालतात आणि मांजरासारख्या मागून येतात. मी पहिल्याच तासात दोघींना वाट दिली आणि तिसरीने मला वाट दिली. रताळी भाजणारा माणूसही चौकोनी नक्षीचे चित्र पुढे करतो, त्यावर फोन धरला की व्यवहार पूर्ण. रताळे मात्र आपल्याकडच्यासारखेच लागते, आणि कागदात बांधून देण्याची रीतही तीच. ते खाताना परक्या मुलुखात आल्यासारखे वाटले नाही.

हॉटेलात एक यंत्रमानव होता. उंची माझ्या कमरेएवढी, अंग गुळगुळीत, चेहऱ्याच्या जागी दोन निळे डोळे. पाहुण्यांच्या खोल्यांपर्यंत टॉवेल आणि पाणी पोचविणे हे त्याचे काम. उद्वाहनाच्या दारात आमची गाठ पडली. मी रीतीप्रमाणे बाजूला झालो आणि हात पुढे करून "आधी आपण" असे सुचविले. तोही थांबला. मी पुन्हा सरकलो, तोही सरकला. दार बंद झाले, उघडले, बंद झाले. देवांगने मला ओढून आत घेतले आणि म्हणाला, "आजोबा, तो रोबो आहे." मी म्हणालो, असेल, पण आपण तर माणसे आहोत. दुसऱ्या दिवसापासून तो मला पाहताच लांबूनच थांबू लागला. देवांगच्या मते ती यंत्रातली सोय आहे. माझ्या मते ती ओळख आहे. आणखी एक गोष्ट आपल्याला आवडेल. या शहरात जेथे जावे तेथे प्यायला गरम पाणी देतात. आगगाडीत, दुकानात, बागेत. म्हातारी माणसे तर थर्मास सोबत घेऊनच हिंडतात. अमेरिकेत इतकी वर्षे बर्फाच्या खड्यांशी झगडल्यावर कोणी न मागता कोमट पाणी पुढे केले, तेव्हा मी पेला रिकामा करून लगेच पुन्हा पुढे केला.

आता त्या बागेकडे येतो. शनिवारी सकाळी देवांगने मला शहराच्या मध्यावरील एका मोठ्या बागेत नेले, एका बाकावर बसविले, आणि "मी कॉफी घेऊन येतो, तुम्ही इथेच बसा, कुठे जाऊ नका" असे बजावून तो गेला. (ज्या माणसाला 'कुठे जाऊ नका' असे सांगितले जाते, त्याला आपण कुठेतरी जावे हे तेव्हाच प्रथम सुचते.) समोर रस्त्याच्या दोन्ही अंगांना उघडलेल्या छत्र्या जमिनीवर मांडल्या होत्या. ऊन नव्हते, पाऊस नव्हता. प्रत्येक छत्रीवर चिमट्याने एक कागद लावला होता आणि मागे घडीच्या स्टुलावर एक वृद्ध बाई किंवा वृद्ध गृहस्थ बसले होते. मला वाटले, हस्तरेषा पाहणारे असावेत, आणि माझ्या तत्त्वाप्रमाणे मी तोंड फिरविले. परंतु नंतर त्यांचे चेहरे पाहिले. तो चेहरा मी ओळखतो. ज्याची मुलगी शिकून मिळवती झाली आहे आणि जिला सांगायला गेले की फोन बंद करते, त्या बापाचा तो चेहरा. त्याला भाषा लागत नाही. आपल्या नागपुरात सभागृहाच्या खुर्च्यांवर रांगेने हाच चेहरा बसलेला असतो. हा वधू-वर परिचय मेळावा होता.

मी उठून पाहणी केली, आणि मला खेदाने लिहावे लागते की आयोजन कच्चे होते. वधू नव्हत्या, वर नव्हते. नुसत्या छत्र्या. आपल्याकडे उमेदवार मंचावर येतो, ध्वनिवर्धकात नाव, शिक्षण, नोकरी, उंची आणि अपेक्षा सांगतो, आईवडिलांचा परिचय देतो आणि खाली उतरतो. सर्वांनी पाहिलेले असते, लपवाछपवी राहत नाही. आपण स्वतः अशा मेळाव्यांचे सूत्रसंचालन केलेले आहे. तेव्हा देवांग हातात कॉफी घेऊन परतला, त्या वेळी मी झाडाभोवतीच्या दगडी ओट्याकडे बोट दाखविले आणि त्याला वर चढायला सांगितले. तो म्हणाला, "आजोबा, काय? नाही. प्लीज." मी म्हणालो, तुझी आई रोज रात्री या विषयावर रडते (रोज नाही, परंतु मेळाव्यात थोडे वाढवून बोलण्याची पद्धत आहे) आणि तुला दोन वाक्ये बोलता येत नाहीत? तो चढला. कॉफीचे दोन्ही पेले त्याच्या हातातच राहिले, त्यामुळे तो परिचय देतो आहे की चहा विकतो आहे हे पुढच्या रांगेला कळेना. त्याने इंग्रजीत नाव सांगितले आणि उतरायला लागला. मी त्याला उंची, शिक्षण आणि अपेक्षा सांगण्याची आठवण केली. लोक जमले. फोन वर निघाले. "आजोबा, सगळे व्हिडिओ काढतायत," तो दातांतून म्हणाला. मी म्हणालो, उत्तम, परिचय लांबपर्यंत जाईल.

इंग्रजी कोणालाच पुरेसे कळत नव्हते, आणि मेळावा फसणार अशी स्थिती आली. तेवढ्यात गर्दीतून एक मुलगी पुढे आली आणि देवांगचे बोलणे तिने तेथील भाषेत सांगायला प्रारंभ केला. अंगाने सडपातळ, बोलणे स्वच्छ, हसू आवरायचा प्रयत्न चाललेला. तिच्यामुळे प्रश्न सुरू झाले. उंची किती? घर स्वतःचे की भाड्याचे? नोकरी टिकणारी आहे का? स्वयंपाक येतो का? (येथे देवांगने मान हलविली ती होकारार्थी की नकारार्थी हे दोन्ही देशांच्या लोकांना कळले नाही.) एका वृद्ध बाईंनी जन्मवर्षाचा प्राणी कोणता, असे विचारले, तेथे प्रत्येक वर्षाला एक प्राणी नेमून दिलेला असतो व त्यावरून जुळते की नाही ते पाहतात. मी उभा राहिलो आणि त्या मुलीमार्फत नम्रपणे सांगितले की आम्ही पत्रिका पाहत नाही, त्यामुळे प्राणीही पाहणार नाही. बाई त्यावर काही बोलल्या. मुलीने सांगितले, "आजी म्हणतात, त्याही मानत नाहीत. पण विचारल्याशिवाय राहवत नाही." असे प्रामाणिक उत्तर मी स्थळे पाहण्याच्या व्यवहारात पूर्वी ऐकले नव्हते.

आणि एक गोष्ट मुद्दाम लिहितो. त्या एवढ्या गर्दीत, एवढ्या प्रश्नांत, एकानेही जात विचारली नाही. उंची मात्र पुन्हा पुन्हा विचारली. पुरुषोत्तमराव, आपण आणि मी जो प्रश्न ऐकत मोठे झालो, ज्या प्रश्नापाशी समोरच्याचा पाण्याचा पेला अर्ध्यावर थांबत असे, त्या प्रश्नाच्या जागी जर कोणी उंची विचारणार असेल, तर देवांगने थोड्या टाचा उचलून उभे राहायला माझी हरकत नाही. तो तसा उभा राहिलाही.

ती मुलगी त्याच वृद्ध बाईंची नात निघाली. तिचे नाव लिन. बाईंच्या छत्रीवरचा कागद हा लिनच्याच परिचयाचा होता, आणि आपला परिचय छत्रीवर लागलेला पाहून ती बिचारी डाळिंबासारखी लाल झाली. जन्म अमेरिकेतला, आईवडील कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला, स्वतः अभियंता. आजीला भेटायला आलेली. असा योगायोग. बाईंनी लगेच छत्री मिटली. (छत्री मिटणे याचा अर्थ त्या बागेत काय होतो हे मी शेजारच्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरून ताडले. त्यांनी अंगठा वर करून माझे अभिनंदन केले.)

मग आम्ही चौघे जेवायला गेलो. गरम रश्शात लांब शेवया, वर पाला. हा पाला म्हणजे आपला सांबार. (आपण मुख्याध्यापक होतात, म्हणून यापुढे पुस्तकी शब्द, कोथिंबीर, वापरतो.) लिनने स्वतःच्या वाडग्याला हात लावण्यापूर्वी देवांगचा वाडगा पुढे ओढला, काड्यांनी वरची सर्व कोथिंबीर वेचून आपल्या वाडग्यात घेतली आणि त्याचा वाडगा परत सरकविला. बोलणे चालूच होते. मला तिचे हे वळण फार आवडले. आजी माझ्याकडे पाहत होत्या, मी शेवयांकडे पाहत होतो. काड्यांवरून शेवया घसरत होत्या आणि मी त्यांना काही सांगू शकत नव्हतो.

संध्याकाळी चौकात म्हाताऱ्या बायका रांगा करून संगीतावर नाचत होत्या. रोज नाचतात म्हणे, व्यायाम म्हणून. लिनच्या आजीही त्यात असतात. त्यांनी मला हाताने बोलाविले. नाच मला येत नाही. परंतु चौथीत असताना आमच्या शाळेचे लेझीम पथक तालुक्यात गाजलेले होते आणि त्यात मी पहिल्या रांगेत होतो. हातात लेझीम नव्हती, म्हणून मी घडी केलेली छत्री घेतली. दोन पावले पुढे, बैठक, उठून वळण. माझ्यामागची रांग माझ्यासारखे करू लागली. थोड्या वेळाने तिच्यामागचीही. बैठकीनंतर उठताना मात्र मला आजींचा हात घ्यावा लागला, हे मी आपल्यापासून लपवीत नाही. रत्नाबाईंना त्याचे चित्रीकरण दाखविण्यात आले आहे. त्या म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांच्या वेळी कुठे होता हा हात?"

रविवारी आजींनी आम्हांला विहारात नेले. तेथे लोक उदबत्त्यांचे जुडगे पेटवून नातवाला परीक्षेत गुण मिळावेत, दुकान चालावे, असे मागत होते. आपल्याला हे पटणार नाही. मलाही पटले नाही. तथागतांकडे गुण मागायचे नसतात, ते वर्गात बसून मिळवायचे असतात. मी काही न मागता उभा राहिलो आणि आपल्याकडे म्हणतो तसे त्रिशरण व पंचशील म्हटले, घरी म्हणतो त्याच आवाजात. (माझा घरचा आवाज आपण ऐकलेला आहे.) आजूबाजूचे लोक थांबले. आजींनी उदबत्ती खाली ठेवली आणि हात जोडून, शब्द न कळता, शेवटपर्यंत माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. लिन देवांगच्या मागे उभी होती, आणि "सरणं गच्छामि"पाशी तिचे ओठ हलत होते. नंतर पायऱ्यांवर बसून मी रत्नाबाईंचा डबा उघडला. आजींनी जवसाची चटणी बोटावर घेतली, चाखली, डब्याला झाकण लावले आणि डबा स्वतःच्या पिशवीत ठेवला. मी ही संमती समजलो.

तेव्हा, सारांश. मुलगी सुशिक्षित आहे, मिळवती आहे, वडीलधाऱ्यांचा मान राखणारी आहे. हुंडा नाही, पत्रिका नाही. मुलगी बौद्ध असावी ही अट होती. आजींच्या घरी बुद्धमूर्ती चार पिढ्यांपासून आहे, आपल्याकडे माझ्या तरुणपणी आली. या हिशेबाने ते आपल्याला विचारू शकतील, आपण त्यांना नाही. स्थळ घरच्यांनी पाहावे ही दुसरी अट. ते मी पाहिले, उघड्या बागेत, सर्वांसमक्ष, रीतसर मेळावा घेऊन पाहिले. कोणी असे म्हणू नये की पोराने परस्पर ठरविले. म्हणून सुमंतरावांना आदरपूर्वक नकार कळवावा. चि. अदितीत काहीच न्यून नाही. केवळ मेळावा आधी झाला.

एक विनंती. हे पत्र येत्या रविवारी मोनालीचा फोन येईल तेव्हा तिला मोठ्याने वाचून दाखवावे. ती याच घरात, माझ्यापासून चार खोल्यांवर राहते हे खरे. परंतु जेवणाच्या टेबलापलीकडून मी सांगितलेले तिला पटत नाही आणि नागपूरहून आलेले सर्व पटते. तिचा होकार मिळाला की कार्य झाले. बागेचा प्रसंग वाचताना आवाज थोडा चढवावा. विहीणबाईंना जय भीम.

आपला व्याही,
शंकरराव

ता. क. — येथून पुढे मोठ्याने वाचू नये. मोनालीला "पत्र संपले" असे सांगून चष्मा काढावा.

पुरुषोत्तमराव, देवांग पाळण्यात होता तेव्हापासून कोथिंबीर खात नाही. त्याला ती साबणासारखी लागते. पोह्यांवरची कोथिंबीर मोनाली आजही त्याच्यासाठी वेचून काढते. हे पहिल्याच भेटीत, न विचारता, कोणाला कसे कळेल? मी शेवयांकडे पाहत होतो असे वर लिहिले आहे. तेव्हा मी हा विचार करीत होतो. मग विमानातले हसू आठवले, आणि मला बरोबर त्याच बाकावर, छत्र्यांसमोर, बसवून कॉफीला जाणे आठवले. देवांगने माझी पारख अचूक केली होती. आजोबांना मेळाव्यासमोर बसवा, पुढचे ते स्वतः करतील. ओट्यावर चढविले जाईल, एवढे मात्र त्याच्या योजनेत नव्हते.

चहा आणायला दोघे गेली, तेव्हा आजींनी फोन पुढे केला. त्यात बोलले की समोरच्याच्या भाषेत उमटते. त्यांनी विचारले, तुम्हांला केव्हा कळले? मी सांगितले, कोथिंबिरीपाशी. तुम्हांला? त्या म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वी नातीने फोनवर विचारले, आजी, तुझ्या सगळ्या पाककृती कोथिंबिरीशिवाय कशा करायच्या ते सांग. लिन चँडलरलाच असते. देवांगच्याच कारखान्यात, त्याच पांढऱ्या पोशाखात. छत्री आजींनी त्या दिवसापुरती शेजारणीकडून आणली होती. मुलांनी एवढे कष्ट घेतले आहेत, तर आपण मुळीच ओळख दाखवायची नाही, असे आम्ही दोघांनी ठरविले आणि चहा आला तेव्हा हवामानाविषयी बोलत होतो. तेव्हा वरील पत्रात खोटे काहीच नाही. फक्त 'योगायोग' हा शब्द मी सैल हाताने वापरला आहे. हे मोनालीला कळू नये. तिला फसविल्यासारखे वाटेल.

ता. क. दुसरा — पत्र बंद करायचे राहिले होते म्हणून बरे झाले. आज सोमवारी मोनाली मला टपाल कचेरीत न्यायला आली. पाकिटावर आपले नाव पाहून गाडीची किल्ली तशीच हातात धरून समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, लिनबद्दल लिहिलंय ना पप्पांना?" मी चष्मा काढला (उपयोग झाला नाही). ती लिनला गेल्या वर्षापासून ओळखते. चटणीत या वेळी तिखट निम्मेच होते, कारण रत्नाबाईंनी आजींच्या पोटाचा विचार करून हात आखडला होता. त्रिशरण लिनला मोनालीनेच शिकविले आहे. रवीलाही ठाऊक होते. त्याचे मत विचारले नाही तेच खरे चुकले. थोडक्यात, या घराण्यात न कळलेले दोघेच होते. मी, कोथिंबिरीपर्यंत, आणि आपण, या ओळीपर्यंत.

मी विचारले, मग हे चीनचे सोंग कोणासाठी? मोनाली म्हणाली, "माझं काही नाही हो, बाबा. पप्पांना कोण सांगणार? त्यांनी सुमंतकाकांना शब्द दिलाय. मी सांगितलं तर महिनाभर बोलणार नाहीत, आणि देवांग म्हणतो, नानांनी हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही. तो तुमच्यापेक्षा त्यांना घाबरतो." (हे मला लागले, तरी लिहितो.) "तुम्हीच लिहा. तुमचं पत्र ते पुन्हा पुन्हा वाचतात." का, असे मी विचारले. "चुका काढायला," ती म्हणाली.

ता. क. तिसरा — म्हणजे हे पत्र कोणाला वाचून दाखवायचे नसून आपणच वाचायचे आहे. शब्द जवळजवळच दिलेला आहे. जवळजवळ दिलेला शब्द परत घेताना फारसे काही परत घ्यावे लागत नसावे, असे माझ्या चौथीच्या बुद्धीला वाटते. आपला नातू आपल्या एका होकारासाठी समुद्र ओलांडून ओट्यावर चढला, दोन्ही हातांत गरम कॉफी घेऊन टाचा उचलून उभा राहिला. तेव्हा, चुका काढण्यासाठी का होईना, पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचावे. कोथिंबिरीपाशी थोडे थांबावे. नंतर लाल शाई घ्यावी आणि काय हवे ते दुरुस्त करून परत पाठवावे. मुलीचे नाव मात्र खोडू नये.